निर्यातीची टीआर२५०: कारखान्यातून निघाली तशी परत उभी करताना

टीआर२५०, म्हणजे ट्रायम्फची जुनी उघडी स्पोर्ट्स गाडी, घेतली असं कुणाला सांगितलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: "कार्ब्युरेटर काढ, इंजेक्शन बसव, टीआर५ होऊन जाईल." सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. दोन्ही गाड्या दिसायला जवळपास सारख्या, टीआर५ आणखी दुर्मिळ आणि ताकदीनेही जास्त. पण तो सल्ला ऐकलात तर एक खरी गाडी घालवून एक खोटी गाडी मिळेल. हा लेख त्या सल्ल्याकडे पाठ फिरवून, गाडी मूळ रूपात आणू पाहणाऱ्या आणि हे काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्या माणसासाठी आहे.

आधी गाडीची ओळख. ट्रायम्फच्या टीआर मालिकेतल्या या गाड्या इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत, कॅनली इथल्या कारखान्यात तयार व्हायच्या. १९६७ मध्ये टीआर४ए च्या अंगात जुन्या चार सिलिंडरऐवजी २४९८ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन बसवलं. बॉडीची रेषा इटालियन डिझायनर मिकेलोत्तीची, टीआर४ पासून चालत आलेली. ब्रिटन आणि इतर देशांसाठी जी गाडी निघाली ती टीआर५. तिला ल्युकासचं यांत्रिक पेट्रोल इंजेक्शन आणि दीडशे अश्वशक्ती. अमेरिकेत धुराचे नियम कडक होत होते आणि किंमतही आवाक्यात ठेवायची होती, म्हणून तिकडच्या गाडीला दोन झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर बसवले, ताकद १०४ अश्वशक्तीवर आली आणि नाव पडलं टीआर२५०. दीडेक वर्षात ८४८४ गाड्या निघाल्या. टीआर५ निघाल्या २९४७. मग टीआर६ आली आणि दोन्ही बंद.

म्हणजे टीआर२५० ही टीआर५ ची गरीब बहीण नाही. ती एका ठरावीक बाजारासाठी, ठरावीक कायद्यांच्या चौकटीत घडवलेली गाडी आहे. डावीकडचं स्टिअरिंग, बॉनेटच्या नाकावरून आडवा जाणारा पट्टा, लाल पट्टीचे रेडियल टायर, चमक घालवलेला लाकडी डॅशबोर्ड, दोन स्वतंत्र सर्किटचे ब्रेक: ही तिची जन्मखूण. "मूळ रूप" म्हणजे हेच सगळं, आणि त्यातही तुमच्या हातातल्या त्या एका गाडीला कारखान्याने जे दिलं होतं ते.

आधी कागद, मग पाना

गाडीवर कमिशन नंबरची पाटी असते. टीआर२५० चा नंबर 'सीडी' ने सुरू होतो. शेवटी 'एल' असेल तर डावीकडचं स्टिअरिंग, त्यापुढे 'ओ' असेल तर गाडीला ओव्हरड्राइव्ह (वरच्या वेगासाठीचा जादा गिअर) जन्मापासून होता. इंजिनचा नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो. कार्ब्युरेटरवाल्या इंजिनाचा 'सीसी' ने सुरू होतो आणि इंजेक्शनवाल्याचा 'सीपी' ने. एवढ्या चार अक्षरांवरून बरंच कळतं. सीडी पाटीच्या गाडीत सीपी इंजिन दिसलं तर कुणीतरी वरचा तो सल्ला आधीच ऐकलेला आहे. मात्र नुसतं सीसी पाहून हुरळून जाऊ नका, कारण अमेरिकेला गेलेल्या टीआर६ चं इंजिनही सीसीच असतं. अक्षरांपुढचा आकडाही तपासावा लागतो.

इंग्लंडात गेडन इथे ब्रिटिश मोटर म्युझियम आहे. त्यांच्याकडे कारखान्याच्या नोंदी जपून ठेवलेल्या आहेत आणि गाडीच्या नंबरावरून ते दाखला देतात. तयार झाल्याची तारीख, मूळ रंग, आतल्या सजावटीचा रंग, कुठल्या बाजारासाठी पाठवली, अशी माहिती त्यात मिळते. हा दाखला यायच्या आधी रंगाचा डबा विकत घेऊ नका. मी घेतला होता. गाडी लाल होती म्हणून लाल आणला, दाखल्यात पांढरा निघाला, आणि तो डबा अजून फळीवर बसून माझ्याकडे बघतो.

दाखला हातात नसला तरी गाडी स्वतः बोलते. दाराच्या आतल्या पुठ्ठ्याच्या मागे, डॅशबोर्डच्या खाली, डिकीच्या तळाला, जिथे नंतरच्या रंगाऱ्याचा हात पोहोचत नाही तिथे मूळ रंग शिल्लक असतो. शिवाय बाहेरच्या एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात रुपयाएवढी जागा पाण्याचा पॉलिश पेपर घेऊन हळूहळू गोल घासा: आधी ४००, मग ८००, मग १२००. झाडाच्या बुंध्यात वर्षांची वलयं दिसावीत तशी रंगांची वलयं उमटतात. सगळ्यात बाहेर शेवटचा रंग, आत त्याआधीचा, मग प्राइमर, मध्यभागी उघडा पत्रा. प्राइमरला लागून असलेलं वलय कारखान्याचं. मध्येच पिवळट-राखाडी जाड थर दिसला तर ती लांबी (खड्डे भरायची पुट्टी). तिथे कधीतरी ठोकर बसली होती, वहीत नोंद करा.

खोलण्यापूर्वी

हा टप्पा सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो आणि सगळ्यांना नंतर नडतो. गाडी अख्खी असतानाच फोटो काढा. लांबून काढलेले देखणे फोटो नकोत, जवळून काढलेले कुरूप फोटो हवेत. वायर कुठल्या क्लिपमधून जाते, होज कुठल्या बाजूने वळतो, स्क्रूखाली वॉशर सपाट आहे की वाटीसारखा. एक भाग निघाला की एक पिशवी. पिशवीवर काय, कुठून आणि कधी. नट-बोल्ट त्याच पिशवीत, "सगळे बोल्ट एका डब्यात" हा प्रकार नको. या गाडीतले आटे बहुतांशी यूएनएफ (बारीक), ओतीव भागांत काही ठिकाणी यूएनसी (जाड). दोन्ही बोल्ट हातात घेतले तर सारखे वाटतात. चुकीचा बोल्ट पहिले दोन फेरे गोड जातो, तिसऱ्याला ओतीव भागाचे आटे घेऊन जातो. पानेही एएफ, म्हणजे इंची मापाचे लागतात. मिलिमीटरचा पाना "जवळपास बसतो" म्हणून लावला की षटकोनाचं वर्तुळ होतं.

खराब झालेला मूळ भाग फेकू नका. नवीन भाग आला, बसला, गाडी चालली, तोपर्यंत जुना सांभाळा. नव्या भागात भोक पाव इंच सरकलेलं निघालं तर जुना भाग हाच तुमचा नकाशा.

शिमांची (जोडात भरलेल्या पातळ पत्र्यांची) आणि ब्रॅकेटांची तर मोजदादच करा. या गाडीला मागे स्वतंत्र सस्पेन्शन आहे आणि मागचे अॅल्युमिनियमचे आर्म चासीला ब्रॅकेटने धरलेले असतात. त्या ब्रॅकेटच्या कडेला छोट्या खाचा असतात. कुठल्या ब्रॅकेटला किती खाचा, आणि त्या वर तोंड करून बसवल्या होत्या की खाली, यावरून मागच्या चाकाचा कल ठरतो. चारही ब्रॅकेट दिसायला भावंडं. न लिहिता काढलेत तर गाडी शेवटी मागून बसकी किंवा फेंगडी उभी राहील आणि कारण शोधण्यात महिना जाईल.

गंज: खरा खर्च इथे आहे

अमेरिकेत या गाड्यांची दोन प्रकारची म्हातारपणं आढळतात. कोरड्या, उन्हाच्या भागातली गाडी पत्र्याला ठणठणीत, पण रबर, डॅशबोर्ड आणि सीट भाजून निघालेली. उत्तरेकडची, हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्या भागातली गाडी आतून गोंडस आणि खालून चाळण. नवशिक्याने निवड करता येत असेल तर पहिली घ्यावी. सीटचं कातडं नवीन शिवता येतं. चासी शिवता येत नाही.

वरचा चकचकीत रंग बघून भुलू नका. बडा घर पोकळ वासा हा प्रकार उघड्या गाडीत फार. छत नसल्यामुळे दारांखालचे सिल हेच बॉडीचा कणा असतात. बाहेरचा सिल नवीन दिसत असेल तर गाडीखाली आडवे होऊन आतला सिल बघा. जुन्या गंजावर नवीन पत्रा चिकटवून विकलेल्या गाड्या कमी नाहीत. लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जिथे तो अलगद सुटतो तिथे खाली लोखंड कमी आणि लांबी जास्त.

चासी वेगळी आहे, म्हणून बॉडी उचलून तिची तपासणी नीट करता येते. दोन जागा आधी बघा. एक, मागच्या आर्मच्या जोडणीपाशी चासीचे पत्रे जिथे एकत्र येतात तो भाग. चिखल साठून तिथे आतून बाहेर गंज येतो. दुसरी, डिफरन्शियलला धरणारे खुंटे आणि त्यांचे ब्रॅकेट. हे सहा सिलिंडरच्या ओढीने तडकतात. क्लच सोडताना मागून 'ठक्' असा आवाज येत असेल तर संशय आधी इथेच. तडा सापडला तर नुसती वेल्डिंगची रेघ ओढून भागत नाही. खुंट्याभोवती मजबुतीचा पत्रा घालून चारी बाजूंनी जोडावा लागतो. हा एक बदल मूळ नाही आणि तरीही मी तो करायला सांगेन. मूळपणाच्या नादात तडकणारी गोष्ट पुन्हा तशीच बसवण्यात शहाणपण नाही, आणि हा पत्रा कुणाच्या डोळ्याला दिसतही नाही.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडवा दांडा बसवून बॉडी पक्की करा. पुढच्या बिजागराच्या खांबापासून मागच्या कुलपाच्या खांबापर्यंत, दोन्ही बाजूंना. शक्य असेल तर बॉडी चासीवर बोल्टने बसलेली असतानाच सिल बदला. एका वेळी एकच बाजू कापा. मी पहिल्या गाडीत दांडा लावला, पण एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूचा सिल काढला तेव्हा काहीच घडलं नाही. आवाज नाही, हालचाल नाही. नवीन सिल बसवून दार लावायला गेलो तर दाराची मागची कड खांबावर टेकली, वर बोटभर फट आणि खाली शून्य. बॉडी मधून वाकली होती. सगळं वेल्डिंग परत तोडलं.

दारं लावून, फटी बघून, मग वेल्डिंगचे टाके. पुन्हा फटी बघून, मग पूर्ण वेल्डिंग. बॉडी आणि चासीमध्ये पॅड आणि शिम असतात, फटींचा अर्धा खेळ त्यांच्यावर चालतो. पुढच्या काचेची चौकट बोल्टवर बसते, तीही आत्ताच लावून बघा, रंगानंतर नव्हे.

रंग काढायला वाळूचा जोरदार मारा बॉनेट आणि दारांच्या सपाट पत्र्यावर कधीच करू नका. पत्रा तापून, ताणून लाटा धरतो आणि त्या कुठल्याही लांबीने सुटत नाहीत. तिथे रासायनिक रिमूव्हर आणि हाताने घासकाम. चासीला मात्र मारा चालतो, चांगला चालतो.

इंजिन: एक छोटी चकती

ट्रायम्फचं हे सहा सिलिंडर इंजिन दणकट आहे, पण त्याची एक दुखरी नस आहे. क्रँकशाफ्ट पुढे-मागे सरकू नये म्हणून मागच्या मेन बेअरिंगपाशी दोन अर्धगोल थ्रस्ट वॉशर असतात. क्लच दाबला की क्रँक पुढे ढकलला जातो आणि मागचा वॉशर झिजतो. झिजत झिजत एक दिवस तो जागेवरून निसटून खाली ऑइल संपमध्ये पडतो. मग क्रँक थेट ब्लॉकवर घासतो, आणि ब्लॉक गेला की तुमच्या गाडीचा जन्माचा इंजिन नंबरही गेला.

म्हणून गाडी घेण्यापूर्वीच, इंजिन बंद असताना, एकाला क्लच दाबायला सांगा आणि तुम्ही पुढची क्रँक पुली बघा. पुली डोळ्याला दिसेल इतकी सरकली तर किंमत त्या हिशेबाने बोला. इंजिन खोलल्यावर डायल गेजने मोजा. जुळणी करताना हे सरकणं ०.००६ ते ०.००८ इंच, म्हणजे ०.१५ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास यायला हवं. जास्त आलं तर जाड मापाचे वॉशर मिळतात. बसवताना तेलाच्या खाचा असलेली बाजू क्रँककडे. उलटा बसवलेला वॉशरही सुंदर बसतो, कुठेही अडत नाही. म्हणूनच दुसऱ्या कुणाला तरी एकदा बघायला सांगा. आणि चालत्या गाडीत सिग्नलला क्लच दाबून ताटकळत बसायची सवय सोडा, न्यूट्रलला टाका.

बाकीचं काम इतर कुठल्याही जुन्या इंजिनासारखं. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. व्हॉल्व्हची फट थंड इंजिनाला ०.०१० इंच. हेड उघडलंच आहे तर एक्झॉस्टच्या बाजूला कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या, म्हणजे शिशाविना पेट्रोलची काळजी मिटते. हाही न दिसणारा बदल. तेल २०डब्ल्यू-५० चं, जस्ताचं प्रमाण राखलेलं, जुन्या सपाट टॅपेटसाठीचं. गिअरबॉक्सला जीएल-४ वर्गाचं. जीएल-५ मधली काही रसायनं आतल्या पितळी रिंगांना मानवत नाहीत.

स्ट्रॉमबर्ग काढू नका, समजून घ्या

"ही कार्ब्युरेटर कधी नीट लागतच नाहीत" असं म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्यांचा डायफ्राम कधी बदललेला नसतो. स्ट्रॉमबर्ग १७५ सीडी मध्ये पिस्टन एका पातळ रबरी पडद्याला टांगलेला असतो. हवेच्या ओढीने तो वर जातो आणि सुई उचलून जेटमधून पेट्रोल सोडतो. पडद्याला टाचणीएवढं भोक पडलं तरी पिस्टन अर्ध्यातच रेंगाळतो, गाडी ताकद धरत नाही.

वरचे चार स्क्रू काढा, झाकण सरळ वर उचला. पडदा उजेडापुढे धरून बोटांनी हलकेच ताणा. भेगा लगेच दिसतात. नवीन पडद्याच्या कडेला एक बारीकशी जीभ असते आणि बॉडीत तिच्यासाठी खाच. आतल्या बाजूलाही तशीच. दोन्ही जिभा खाचांत बसल्या नाहीत तर पिस्टन फिरलेल्या अवस्थेत बसतो आणि सुई जेटला घासते. झाकण लावलं, डँपरमध्ये तेल भरलं की बोटाने पिस्टन वर उचलून सोडा: वर जाताना जड, खाली येताना मोकळा, आणि शेवटी 'टक्'. तो टक् ऐकू आला की काम झालं. नाही आला तर सुई मध्यावर नाही.

दुसरा चोर म्हणजे थ्रॉटलचा दांडा. तो आणि त्याचं भोक झिजलं की तिथून फुकटची हवा आत येते आणि आयडल कधीच स्थिर राहत नाही. मिश्रणाचा स्क्रू फिरवत बसण्याआधी हे बघा. आणि दोन्ही कार्ब्युरेटरची हवा सारखी करूनच मिश्रणाला हात घाला. उलट क्रमाने केलं तर संध्याकाळपर्यंत गोल गोल फिराल.

ब्रेक, सस्पेन्शन, वायरिंग

ब्रेकमध्ये जुनं काही वाचवू नका. होज, सील, पाइप नवीन. पुढे डिस्क, मागे ड्रम. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो, तेव्हा ड्रममधली धूळ हवेने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि मास्क लावा. दोन सर्किटपैकी एकाचा दाब गेला तर डॅशबोर्डवर दिवा लागतो, त्याचा स्विच एका छोट्या पितळी ठोकळ्यात असतो. तो गळका निघाला म्हणून लोक तो सरळ काढून टाकतात. ही तर याच बाजारासाठी दिलेली सोय, ती दुरुस्त करून ठेवायची. त्यातल्या रबरी रिंगा बदलल्या की झालं.

मागचे शॉक अॅब्सॉर्बर तरफेच्या जातीचे आहेत. ते काढून दुर्बिणीसारखे नळीचे बसवायचा मोह होईल. मूळचे दुरुस्त करून मिळतात, तेच बसवा. मागच्या अॅल्युमिनियम आर्ममधले हबचे स्टड मात्र सांभाळून. आटे निघून आलेले असणं नेहमीचंच. तिथे हेलिकॉइल (आट्यांची तारेची वेटोळी) बसवून घ्या, नुसता जाड बोल्ट ठोकून बसवू नका.

वायरिंगचं लोकांना उगाच भय वाटतं. ल्युकासची रंगांची भाषा सोपी आहे: काळी म्हणजे अर्थ (पत्र्याशी जोडलेली), तपकिरी सदा जिवंत, पांढरी चावी फिरवल्यावर जिवंत, हिरवी तीच पण फ्यूजमधून आलेली, जांभळी फ्यूजमधून येणारी सदा जिवंत, लाल बारीक दिव्यांची, निळी मोठ्या दिव्यांची. दहातल्या आठ तक्रारी वायरच्या नसतातच, अर्थच्या असतात. नव्याने रंगवलेल्या पत्र्यावर अर्थचा बोल्ट कसला की करंटला वाट कुठून मिळणार? बोल्टखालची रुपयाएवढी जागा पत्र्यापर्यंत खरवडा, घट्ट कसा आणि वरून ग्रीस लावा.

रंग आणि आतली सजावट

इथे सगळ्यांचं लक्ष असतं, म्हणून मी थोडक्यात आवरतो. रंगाचा दर्जा खालच्या घासकामात असतो. एक गोष्ट सांगतो: आजचा दोन घटकांचा रंग कारखान्याच्या त्या काळच्या रंगापेक्षा जास्त काचेसारखा दिसतो. तो वापरलात तर चमक थोडी कमी ठेवा. अशा रंगाची वाफ फुप्फुसाला घातक असते, साध्या कापडी मास्कवर भागत नाही. कारखान्यात या गाड्यांच्या फटी घड्याळजीच्या हाताने लावलेल्या नव्हत्या. अतिसुंदर केलेली गाडीसुद्धा मूळ नसते.

नाकावरच्या पट्ट्याची रुंदी आणि जागा जुन्या पट्ट्यावरून मोजून ठेवा, कारण तो खरवडला की पुरावा गेला. जुन्या फोटोंत तो बॉनेटवरून दोन्ही बाजूंच्या मडगार्डवर उतरलेला दिसतो. दोन्हीकडे सारख्या उंचीवर उतरायला हवा. डॅशबोर्डचं लाकूड चकाकत ठेवायचं की नाही यावरून वाद होतात. अमेरिकी सुरक्षा नियमांमुळे डोळ्यावर उजेड परतू नये म्हणून लाकडाला मंद फिनिश दिलेलं होतं. जुन्या टीआर४ए सारखा आरशासारखा व्हार्निश त्यावर चढवला की जाणत्याला दारातूनच कळतं.

टप

टप नेहमी शेवटी. दारं बसली, दारांच्या काचा वर-खाली नीट झाल्या, पुढची चौकट कायमची कसली, की मगच. यातलं काहीही नंतर हललं तर टप एका बाजूला सैल आणि दुसऱ्या बाजूला फाटेल इतका ताणलेला होतो.

आधी नुसता सांगाडा, कापड न लावता, दहा-बारा वेळा उघडून मिटून बघा. रिव्हेट झिजले असतील तर सांगाडा एका अंगाला कलतो. तो सरळ झाला की कापड. व्हिनाइलचा टप थंडीत बसवू नका. उन्हात तासभर पसरून ठेवा, मऊ पडला की लगेच घ्या. मध्यरेषा कापडाच्या आतून खडूने आखा, तशीच पुढच्या चौकटीवर आणि मागच्या कडेवरही. मागची कड आधी मध्यातून पक्की करायची, मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग पुढे ओढून चौकटीवर चिमट्यांनी धरायचं, टप मिटवायचा, कुलपं लावायची, आणि रात्रभर तसंच सोडून द्यायचं. गोंद दुसऱ्या दिवशी. पहिल्याच दिवशी गोंद लावणाऱ्याच्या टपाला मागच्या कोपऱ्यात सुरकुत्या कायमच्या राहतात. बटणांची भोकं सगळ्यात शेवटी पाडा, आणि प्रत्येक भोकाआधी कापड जागेवर ओढून बघा. पडलेलं भोक बुजत नाही. मूळ टपावर रात्री उजेडात चमकणाऱ्या पट्ट्या होत्या. साध्या बाजारी टपाला त्या नसतात, म्हणून मागणी नोंदवतानाच विचारा.

पहिल्यांदा सुरू करताना

स्पार्क प्लग काढा आणि तेलाचा दाब गेजवर दिसेपर्यंत स्टार्टर थांबत-थांबत फिरवा. मग प्लग लावा. आग विझवायचं नळकांडं हाताशी, बॅटरीची एक वायर पटकन काढता येईल अशी. नवीन कॅमशाफ्ट असेल तर इंजिन सुरू होताच आयडलवर ठेवू नका. वीसेक मिनिटं दोन हजार फेऱ्यांच्या आसपास, थोडं कमी-जास्त करत चालवा. पेट्रोलचा वास आला तर बंद. इथे भीड धरायची नाही.

पहिली फेरी अंगणातल्या अंगणात, ब्रेकची खात्री होईपर्यंत. मग जवळचा रस्ता. शंभरेक किलोमीटरनंतर मागच्या आर्मचे, डिफरन्शियलचे आणि चाकांचे नट पुन्हा कसा, व्हॉल्व्हची फट पुन्हा मोजा. तेल लवकर बदला आणि जुनं तेल पांढऱ्या भांड्यात ओतून उन्हात धरा. बारीक करडी झाक चालते. तांब्याच्या रंगाची चमक दिसली तर क्लच दाबून पुन्हा एकदा ती पुढची पुली बघा.